मडगार्डाचा काय दोष?

नवी अलॉय चाकं आणि रुंद टायर बसवलेली गाडी दुकानातून बाहेर पडते तेव्हा बहुधा काहीच वाजत नाही. सरळ रस्त्यावर, एकट्या चालकाला घेऊन, ती पूर्वीइतकीच शांत धावते. आवाज पहिल्यांदा येतो तो सोसायटीच्या फाटकातून फुल्ल कट मारून गाडी बाहेर काढताना. पुढच्या चाकाजवळून ‘खर्रर्र’ असा सूर येतो आणि स्टेअरिंग सरळ झालं की थांबतो. किंवा मागे तीन माणसं बसलेली असतात, डिकी भरलेली असते, गतिरोधकावर मागची बाजू खाली दबते आणि क्षणभर रबर पत्र्याला लागल्याचा घोगरा आवाज येतो. यावर सर्रास होणारा उपाय ठरलेला आहे. लायनरचं प्लास्टिक ब्लेडने कापायचं, मडगार्डाची आतली कड हातोडीने दाबायची, आणि आवाज बंद झाला की काम संपलं असं समजायचं. या उपायामागे एक गृहीतक दडलेलं आहे, ते असं की अडचण मडगार्डाची आहे. पण मडगार्ड कारखान्यातून निघालं तेव्हा जिथे होतं तिथेच आजही आहे. जागा बदलली ती चाकाने. म्हणून पहिला प्रश्न चाकालाच विचारायला हवा: ते कुठल्या दिशेला, किती मिलिमीटर सरकलं? या प्रश्नाचं उत्तर कागदावर मांडता येतं. ते मांडलं की बहुतेक वेळा असं दिसतं की पत्र्याला हात लावण्याची गरजच नव्हती, आणि जिथे ती खरोखर असते तिथेही तो उपाय सर्वांत शेवटचा ठरतो.

आकडेमोडीची सुरुवात टायरच्या कुशीवर छापलेल्या मापापासून करू. १८५/६५ आर१५ याचा अर्थ नाममात्र रुंदी १८५ मिलिमीटर, कुशीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिमचा व्यास १५ इंच. इंचाचे मिलिमीटर केले तर रिम ३८१ मिलिमीटरची होते. तिच्या वर आणि खाली १२०-१२० मिलिमीटरची कुशी धरली की पूर्ण टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर भरतो. मारुती सुझुकीच्या २०१८ साली आलेल्या स्विफ्टमध्ये वरच्या श्रेणीच्या गाड्यांना हाच टायर होता आणि खालच्या श्रेणीच्या गाड्यांना १६५/८० आर१४. या दुसऱ्या टायरचा व्यास काढून पाहा: ६१९.६ मिलिमीटर. रुंदी २० मिलिमीटरने वाढली, रिम एक इंचाने वाढली, पण व्यासात दोन मिलिमीटरचाही फरक पडू दिलेला नाही. रुंद चाक बसवायचं असेल तर ते कसं बसवावं याचा धडा उत्पादकाने एकाच गाडीच्या दोन श्रेणींत घालून दिलेला आहे. रिम वाढवली तेवढी कुशी कमी केली आणि चाकाचा घेर तोच ठेवला. आता याच गाडीला कुणी १५ इंची रिमवर २०५/६५ चा टायर चढवला तर व्यास ६४७.५ मिलिमीटर होतो, म्हणजे २६ मिलिमीटरने जास्त. त्यातले १३ मिलिमीटर वर मडगार्डाच्या दिशेने जातात आणि १३ पुढे बंपरच्या दिशेने. शिवाय स्पीडोमीटर बरोबर चालत असेल तर तो १०० दाखवताना गाडी १०४ च्या वेगाने धावत असते. उलट १९५/५५ आर१६ घेतला तर व्यास ६२०.९ येतो, मूळ मापाला जवळजवळ चिकटून.

व्यास सांभाळला तरी रुंदीचा प्रश्न उरतोच, आणि टायरवरचा आकडा इथे पूर्ण खरं सांगत नाही. २०५/५५ आर१६ हा टायर मापनासाठी ठरवलेल्या साडेसहा इंची रिमवर चढवला की त्याची कुशीपासून कुशीपर्यंतची प्रमाण रुंदी २०५ नव्हे, २१४ मिलिमीटर भरते. रिम अर्ध्या इंचाने रुंद घेतली की टायर आणखी सुमारे पाच मिलिमीटर पसरतो. त्याच्या वर संयुक्त राष्ट्रांच्या टायरविषयक नियमावलीतला ३० क्रमांकाचा नियम रेडियल टायरला प्रमाण रुंदीपेक्षा चार टक्के जास्त भरण्याची मुभा देतो. म्हणजे ‘२०५’ असं छापलेला एखादा टायर २२२ मिलिमीटरपर्यंत जाऊनही नियमात बसतो. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर एकाच गाडीवर बसवले असता एक घासतो आणि दुसरा घासत नाही, याचं कोडं बऱ्याचदा इथे सुटतं. ‘मित्राच्या गाडीला हेच माप आहे, त्याचं घासत नाही’ हा युक्तिवाद म्हणून अपुरा आहे. मित्राची रिम किती रुंद आहे, टायर कुणाचा आहे आणि रिमची ‘ईटी’ किती आहे, हे कळल्याशिवाय त्या तुलनेला अर्थ नाही.

ईटी हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे. ही अक्षरं जर्मन भाषेतून आली. अलॉयच्या आतल्या बाजूला, कधी आऱ्यांच्या मागे, ‘ईटी ४५’ असं काहीतरी ओतलेलं किंवा कोरलेलं असतं. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेषा काढली आणि रिम हबला टेकते ती सपाट बाजू त्या रेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे हे मोजलं, की आपल्याला ईटी मिळते. हा आकडा जितका मोठा तितकं चाक गाडीच्या आत बसतं, जितका लहान तितकं बाहेर डोकावतं. समजा, मूळ चाक साडेपाच इंच रुंद, ईटी ४५, आणि त्यावर १८५/६५ चा टायर आहे. त्या टायरची खरी रुंदी १८९ मिलिमीटर. निम्मे म्हणजे ९४.५. त्यातून ४५ वजा केले तर हबच्या टेकणीपासून टायर बाहेर ४९.५ मिलिमीटर जातो, आणि ४५ मिळवले तर आत १३९.५. आता सात इंची रिमवर २०५/५० आर१६ चढवू. रुंदी सुमारे २१९, निम्मे १०९.५. दुकानदाराने दिलेल्या रिमची ईटी ३५ असेल तर टायर बाहेर ७४.५ आणि आत १४४.५ मिलिमीटर जाईल. म्हणजे बाहेरून २५ मिलिमीटरची चढाई आणि आतून फक्त पाचाची. तीच रिम ईटी ४५ ची असती तर ३० मिलिमीटरची वाढ दोन्ही बाजूंना १५-१५ अशी वाटली गेली असती. टायर तोच, रुंदी तीच, केवळ हबची टेकणी दहा मिलिमीटर सरकली आणि मडगार्डाच्या कडेवर दहा मिलिमीटरचं जादा संकट आलं. हा हिशोब करायला एक कागद आणि पाच मिनिटं लागतात. चार अलॉयचे पैसे मोजण्यापूर्वी तो केला जात नाही, आणि नंतर मात्र हातोडी उचलली जाते, याची खरोखर खंत वाटते.

चाक बाहेर सरकलं तर ते फक्त मडगार्डाच्या कडेला लागेल, अशी एक सोपी समजूत आहे. पुढच्या चाकांच्या बाबतीत ती चुकीची ठरते. पुढचं चाक स्वतःच्या मध्याभोवती वळत नाही. स्ट्रटच्या वरच्या टेकणीतून आणि खालच्या बॉल जॉइंटमधून जाणाऱ्या एका तिरक्या अक्षाभोवती ते वळतं. दरवाजा बिजागरीभोवती फिरतो तसंच हे. चाक त्या अक्षापासून जितकं बाहेर, तितका त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेचा फेरा मोठा. म्हणून ईटी कमी झालेलं चाक सरळ असताना कुठेही लागत नाही, पण फुल्ल कट मारला की पुढे बंपरच्या लायनरला किंवा मागे दाराच्या बाजूच्या कोपऱ्याला जाऊन भिडतं. पुढे जाताना न येणारा आवाज रिव्हर्समध्ये येतो तेव्हाही बुचकळ्यात पडण्याचं कारण नाही. सस्पेन्शनच्या रबरी बुशना थोडी लवचीकता असते. ब्रेक दाबला किंवा गाडी मागे घेतली की चाक काही मिलिमीटर पुढे-मागे सरकतं, आणि जागा मुळातच इतकी कमी उरलेली असते की तेवढं सरकणं पुरतं.

यावरून निदानाची रीत ठरते. टायर घासतो हे पुरेसं उत्तर नाही. तो कुठे, कुठल्या स्थितीत आणि स्वतःच्या कुठल्या भागाने घासतो, हे कळलं पाहिजे. खुणा शोधाव्या लागतात, पण त्या लपत नाहीत. घासलेलं प्लास्टिक चकचकीत होतं, पत्र्याच्या कडेवरचा रंग उडून धातू चमकतो, टायरच्या कुशीवर गोल फिरणारी एक गुळगुळीत पट्टी दिसते, लायनरच्या खळग्यात रबराची काळी भुकटी साठते. काही दिसलं नाही तर कुशीवर आणि खांद्यावर खडूचे पट्टे ओढून त्याच वळणावर गाडी पुन्हा न्यावी; खडू जिथला पुसला जाईल तिथे स्पर्श झालेला आहे. स्पर्श टायरच्या आतल्या कुशीला, स्ट्रटच्या नळीजवळ किंवा स्प्रिंगच्या वाटीखाली असेल तर चाक जास्त आत गेलेलं आहे. बाहेरच्या खांद्याला, मडगार्डाच्या कडेशी, तेही फक्त वजन पडल्यावर असेल तर चाक जास्त बाहेर आलेलं आहे. ट्रेडच्या मधल्या भागाला, कमानीच्या छताशी किंवा पुढे लायनरशी असेल तर व्यास मोठा झालेला आहे. तिन्हींचा आवाज कानाला सारखाच वाटतो, पण पहिल्या दोघांचे उपाय एकमेकांच्या नेमके उलट आहेत. बाहेरून घासणाऱ्या चाकाला कुणी स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसवायची चकती, लावला तर दुखणं वाढवल्यासारखं होतं, आणि असे स्पेसर लावलेले असतातही.

तपासणी कशा अवस्थेत करावी याबाबत जर्मनीची शिस्त उपयोगी पडते. तिथे गाडीच्या परवानगीत नसलेलं चाक बसवलं तर अधिकृत तपासणी संस्थेच्या तज्ज्ञाकडून ते तपासून घेऊन कागदपत्रांत नोंदवावं लागतं. तज्ज्ञ गाडी सपाट जमिनीवर उभी करून समाधान मानत नाही. समोरासमोरच्या कर्णातली दोन चाकं, उदाहरणार्थ पुढचं डावं आणि मागचं उजवं, उंचवट्यावर चढवली जातात, म्हणजे त्या कोपऱ्यांचं सस्पेन्शन पूर्ण दबतं. याच अवस्थेत स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं जातं, आणि कुठेही स्पर्श होता कामा नये अशी अट असते. आपल्याकडे या परीक्षेसाठी वेगळी सोय उभारण्याची गरज नाही. कोकणात उतरणाऱ्या घाटातलं कुठलंही तीव्र वळण हीच परीक्षा घेतं. गाडी भरलेली, ब्रेकमुळे वजन पुढे आलेलं, वळणामुळे बाहेरच्या चाकावर झुकलेलं, स्टेअरिंग बरंच कापलेलं आणि बरोबर त्या जागी रस्त्याला खड्डा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्यावरून गाडी हळूच वर जाते आणि खाली येते. पण गल्लीबोळांत उभारलेले अरुंद, उभट उंचवटे सस्पेन्शनला क्षणात टोकापर्यंत दाबतात. टायरच्या दुकानाबाहेर रिकामी गाडी उभी करून मडगार्डात बोटं घालून ‘दोन बोटं जागा आहे, काही लागत नाही’ असं सांगणं म्हणजे या सगळ्यातलं काहीच न तपासणं.

निदान झालं की उपाय कमी नुकसानाकडून जास्त नुकसानाकडे, अशा क्रमाने पाहावेत. पहिला उपाय चाक किंवा टायर बदलणं हाच. ईटी ३५ ची रिम परत करून ४० किंवा ४५ ची घेता आली तर मडगार्डाजवळचे पाच ते दहा मिलिमीटर विनासायास परत मिळतात. रिम परत होत नसेल तर टायर एक माप अरुंद घ्यावा. २०५ ऐवजी १९५ घेतल्याने प्रत्येक बाजूला जवळपास पाच मिलिमीटर सुटतात. व्यास वाढलेला असेल तर कुशीचा आकडा उतरवावा. हे करताना टायरवरचा भारनिर्देशांक पाहायला विसरू नये. मूळ १८५/६५ आर१५ वर बहुधा ८८ हा आकडा असतो, म्हणजे टायरमागे ५६० किलो. वर ज्याचं कौतुक केलं त्या १९५/५५ आर१६ वर साधारणपणे ८७ असतो, म्हणजे ५४५ किलो. व्यास जुळला म्हणून सगळं जुळलं असं होत नाही, आणि इथे वाढीव भारक्षमतेचा टायर मागून घेणं योग्य. तसंच प्रत्येक टायरला चालणाऱ्या रिमच्या रुंदीची मर्यादा असते. १८५/६५ साठी ती पाच ते साडेसहा इंच आहे. जुनेच टायर नव्या सात इंची अलॉयवर ताणून बसवणं या मर्यादेबाहेर जातं.

आतून घासणाऱ्या चाकाला स्पेसर हा खरा उपाय आहे, आणि पाच मिलिमीटरची चकती नीट बसवली तर त्यात वावगं काही नाही. पण नीट म्हणजे काय? मारुतीच्या गाड्यांत चाकाचे नट १२ मिलिमीटरच्या, १.२५ पिचच्या आट्यांवर बसतात. पाच मिलिमीटरची चकती मध्ये आली की नटाचे चार आटे कमी पकडतात. निदान बोल्टच्या व्यासाइतकी, म्हणजे १२ मिलिमीटर पकड उरलीच पाहिजे, नाहीतर लांब स्टड बसवावे लागतात. शिवाय रिमच्या मध्यभागी असलेलं भोक हबच्या ज्या गोल ओठावर अचूक बसतं, तो ओठ चकतीत बुडून जाऊ शकतो. म्हणून स्वतःचा ओठ असलेला स्पेसर घ्यावा. कॅम्बर वळवून चाकाचं डोकं आत घेणं हा दुसरा मार्ग. ६२० मिलिमीटर व्यासाच्या चाकाला एक अंश आत झुकवलं तर त्याचा माथा मध्याच्या तुलनेत साधारण साडेपाच मिलिमीटर आत जातो. थोडक्यासाठी अडलेलं काम यात होऊ शकतं, पण त्यानंतर व्हील अलाइनमेंट करणं आलंच, आणि टायरची आतली कड लवकर झिजते हेही स्वीकारावं लागतं. आपल्या बहुतेक हॅचबॅक गाड्यांत मागे टॉर्शन बीम असतो, तिथे कॅम्बर फिरवायला बोल्टच नसतो. वजन पडल्यावरच घासत असेल तर मऊ पडलेल्या स्प्रिंगा आणि कुजलेले बंप स्टॉप आधी तपासावेत. कधीकधी दोष नव्या चाकाचा नसून जुन्या स्प्रिंगांचा असतो, आणि त्या बदलल्या की आवाज थांबतो.

मडगार्डाची कड आत वळवणं याच्यानंतर येतं. इथे पुढच्या आणि मागच्या मडगार्डात मोठा फरक आहे, आणि तो क्वचितच सांगितला जातो. पुढचं मडगार्ड बोल्टने बसवलेलं असतं. बिघडलं तर काढून दुसरं लावता येतं. मागची कमान मात्र गाडीच्या सांगाड्याचा भाग असते. बाहेरचा पत्रा आणि आतली चाकाची वाटी यांच्या कडा एकत्र आणून तिथे वेल्ड केलेलं असतं आणि सांध्यात पाणी शिरू नये म्हणून सीलंट भरलेलं असतं. ही कड दाबली की सीलंटला भेगा पडतात, रंग तडकतो आणि सांध्यात चिखलाचं पाणी जायला वाट मिळते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत अशा सांध्याला गंज धरायला फार वेळ लागत नाही, आणि तो आतून बाहेर येत असल्यामुळे दिसतो तेव्हा पत्रा गेलेला असतो. यावर आक्षेप घेतला जाईल की जगभरचे हौशी लोक कडा वळवतात आणि त्यांच्या गाड्या चांगल्या राहतात. ते खरं आहे. पण ते लोक हबला बसणारं रोलर वापरतात, हीट गनने रंग गरम ठेवतात, एकेका फेरीत थोडं थोडं वळवतात आणि शेवटी सांधा पुन्हा सील करतात. त्यांचा आधार घ्यायचा तर त्यांची पूर्ण रीत घ्यावी. बॅटचा दांडा किंवा लोखंडी पाइप टायर आणि कड यांच्यात घालून गाडी ढकलणं ही ती रीत नव्हे. लायनर कापण्याबद्दलही असंच सांगता येईल. लायनरच्या मागे पुष्कळ गाड्यांत तारांचे जुडगे, हॉर्न, काचेवर पाणी उडवणारी टाकी असते. हीट गनने प्लास्टिक मऊ करून मागे दाबणं किंवा क्लिप सरकवून लायनर ताणून बसवणं शक्य असताना भोक पाडणं म्हणजे पावसाळ्यात ते सगळं उघड्यावर टाकणं.

‘थोडंसं घासतं, तेही कधीतरी; त्याने काय बिघडतं?’ हा दुसरा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण काही वेळा तो बरोबर असतो. फुल्ल कटमध्ये ट्रेडचा खांदा मऊ लायनरला चाटून जात असेल, तर नुकसान जवळपास शून्य आहे. पण स्पर्श टायरच्या कुशीला आणि समोर पत्र्याची धार असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी होते. मिशलँने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियल रचनेची सारी मदार कुशीच्या लवचीकपणावर आहे. ट्रेडखाली पोलादी पट्टे असतात, कुशीत मात्र रबराचं पातळ आवरण आणि त्याखाली दोरे. रस्त्याच्या झटक्याने हीच कुशी फुगते आणि वळणात बाहेर झुकते, म्हणून ती नेमकी वेगात आणि वजनाखाली धारेला लागते. ट्रेडमधलं पंक्चर काढता येतं. कुशीतले दोरे कापले गेले की टायर टाकूनच द्यावा लागतो, आणि तोवर तो फुटला नाही तर नशीब. त्यामुळे किती घासतं यापेक्षा कशाने कशाला घासतं हे पाहून निर्णय घ्यावा.

तिसरा आक्षेप रस्त्यांचा आहे. गाडी खाली टेकू नये म्हणून मोठा टायर घेतला, हे कारण अनेकांना पटतं, आणि आपल्या रस्त्यांकडे पाहता ते हसण्यावारी नेण्यासारखंही नाही. मात्र २६ मिलिमीटरने व्यास वाढवून खाली मिळतात ते १३ मिलिमीटर, आणि तेच १३ मिलिमीटर वर कमानीतून वजा होतात. सस्पेन्शन पूर्ण दबेल तेव्हा पोट वाचेल, पण टायर छताला लागेल. रुंद टायरने पकड वाढते हा दावाही अर्धाच खरा आहे. रस्त्याला टेकणाऱ्या रबराचं क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवेचा दाब ठरवतात. रुंदी वाढवली की तो ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या वळणावर त्याचा फायदा मिळतो. मुसळधार पावसात द्रुतगती मार्गावर पाण्याचा थर साचलेला असतो, तिथे मात्र आडव्या ठशाला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि टायर तुलनेने कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागतो.

समजा, सगळं करून घासणं थांबलं. तरीही एक गोष्ट उरते आणि ती आवाज करत नाही. स्टेअरिंगचा तो तिरका अक्ष खाली वाढवला तर जमिनीला जिथे टेकतो ती जागा आणि टायरच्या ठशाचा मध्य यांतलं अंतर उत्पादकाने विचारपूर्वक ठरवलेलं असतं. १९७२ च्या आउडी ८० मध्ये हे अंतर मुद्दाम उलट्या बाजूला, म्हणजे अक्ष ठशाच्या मध्याच्याही बाहेर जमिनीला भेटेल असं ठेवलं होतं. ब्रेकचे पाइप त्या गाडीत कर्णाने विभागलेले होते. एक जोडी निकामी झाली तर पुढचं एकच चाक ब्रेक धरणार आणि गाडी त्या बाजूला ओढली जाणार. अक्षाच्या या रचनेमुळे तेच चाक आपोआप उलट दिशेला वळू पाहतं आणि ओढ कमी करतं. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या पुष्कळ गाड्यांनी पुढे हा मार्ग धरला. ईटी ४५ वरून ३५ वर आणली की ठशाचा मध्य दहा मिलिमीटर बाहेर जातो आणि मिलिमीटरांत मोजून ठेवलेली ही तजवीज तेवढीच ढासळते. एका बाजूची चाकं ओल्या मातीत आणि दुसऱ्या बाजूची डांबरावर असताना जोरात ब्रेक दाबला, तर स्टेअरिंग हाताला हिसका देतं. मडगार्ड कापल्याने, कड वळवल्याने यातलं काहीही परत येत नाही. योग्य ईटीची रिम घेतली तर घासणं आणि हे दोन्ही एकदम सुटतात, आणि ‘आधी चाक, मग पत्रा’ या आग्रहामागचं सर्वांत बळकट कारण हेच आहे. कायद्याची बाजूही इथेच सांगून टाकू. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत फेरबदलांना अटकाव करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आणि गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेल्या मापांच्या आत राहणं म्हणूनही शहाणपणाचं.

उत्पादक भरपूर जागा सोडतात, मग ती का वापरू नये, असं विचारणाऱ्यांसाठी पुन्हा स्विफ्टकडेच जावं. जपानमध्ये २०१७ साली आलेल्या स्विफ्ट स्पोर्टला सुझुकीने १९५/४५ आर१७ चे टायर आणि साडेसहा इंची रिम दिली. तिथल्या साध्या स्विफ्टची रुंदी १,६९५ मिलिमीटर होती; स्पोर्टची कमान बाहेर काढून ती १,७३५ केली. कंपनीला मूळ कमानीतच जागा पुरेशी वाटली असती तर पत्र्याचे नवे साचे बनवण्याचा खर्च तिने केला नसता. एवढ्यावरही भागलं नाही. रुंद, बाहेर सरकलेल्या चाकाला आत फिरायला मोकळी जागा हवी, आणि ती नसेल तर ते किती वळू द्यायचं यालाच आळा घालावा लागतो. काही गाड्यांत स्टेअरिंग रॅकच्या टोकाला छोटी कडी बसवून हौशी लोक हेच करतात, आणि फुल्ल कटमधलं घासणं थांबवण्याचा तो एक प्रामाणिक उपाय आहे. साध्या स्विफ्टची किमान वळणत्रिज्या ४.८ मीटर आहे, स्पोर्टची ५.१. यू-टर्न घ्यायला त्या गाडीला साठ सेंटिमीटर जास्त रुंद रस्ता लागतो.